चौतीस नंबरची गाडी

शर्यत २०० फेऱ्यांची होती आणि जिंकणाऱ्याने २०२ फेऱ्या मारल्या. तरी विजयाचा चषक दुसऱ्याच्या हातात गेला.

१ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनव्हिलच्या ‘स्पीडवे पार्क’ या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर हे घडले. ट्रॅकवर खड्डे पडले होते आणि गाड्या एकामागून एक नादुरुस्त होत होत्या. शेवटच्या २५ फेऱ्या उरल्या असताना ३४ नंबरच्या निळ्या शेवरोलेने रिचर्ड पेटीला मागे टाकले. पेटी पुढे या खेळातला सर्वांत यशस्वी चालक ठरला. त्याच्या नावावर २०० विजय आहेत. ३४ नंबरची गाडी चालवणाऱ्या माणसाचे नाव वेंडेल स्कॉट. वय ४२, गाव व्हर्जिनियातले डॅनव्हिल, स्वतःच्याच गाडीचा मालक आणि मेकॅनिक. त्या काळातल्या या वरिष्ठ शर्यत-मालिकेत गोऱ्यांच्या घोळक्यात नियमितपणे उतरणारा तो एकटा कृष्णवर्णीय चालक होता.

स्कॉटच्या २०० फेऱ्या पूर्ण झाल्या, पण चौकड्यांचा झेंडा हलला नाही. तो गाडी चालवतच राहिला. झेंडा पडला तो बक बेकर या गोऱ्या चालकासाठी. बेकर विजेत्याच्या जागी गेला, चषक घेतला, फोटो निघाले. स्कॉटने हिशोब पुन्हा तपासायची मागणी केली. सुमारे दोन तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी मान्य केले की स्कॉट बेकरच्या चांगला दोन फेऱ्या पुढे होता. विजेत्याची १००० डॉलरची रक्कम त्याला मिळाली. खरा चषक मात्र बेकरबरोबर गेला होता. काही आठवड्यांनी, पुढच्या शर्यतीच्या वेळी, स्कॉटच्या हातात लाकडाचा एक साधा ठोकळा ठेवण्यात आला.

ही चूक होती की कारस्थान, हा प्रश्न साठ वर्षे चर्चेत आहे. पण त्याच्या मागे आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या दोन तासांनी स्कॉटचे नेमके काय गेले? एक सोहळा, की त्याहून मोठे काही? याचे उत्तर मिळवायचे तर हा खेळ कुठून आला, तो कोणाच्या पैशावर चालत होता आणि त्यात एका कृष्णवर्णीय गॅरेजवाल्याने तेरा हंगाम तग कसा धरला, हे पाहावे लागते.

हातभट्टीतून उगवलेला खेळ

‘स्टॉक कार’ म्हणजे कंपनीच्या दुकानात विकायला ठेवलेली, सर्वसामान्य ग्राहकाची गाडी. युरोपातल्या शर्यतींसाठी खास बांधणीच्या, एका माणसाच्या निमुळत्या गाड्या लागत. स्टॉक कारच्या शर्यतीत शेजाऱ्याच्या दारात उभी असते तशी फोर्ड, शेवरोले किंवा प्लिमथ धावे. सामान्य माणसाला हा खेळ आपला वाटला त्याचे मोठे कारण हेच.

हा खेळ अमेरिकेच्या दक्षिणेत, अॅपलाचियन डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून वाढला. तिथे शेतकरी मक्यापासून हातभट्टीची दारू गाळत आणि सरकारचा कर चुकवून शहरात पोचवत. ही वाहतूक रात्रीची. वाटेत कर खात्याचे लोक आणि पोलीस टपलेले. त्यामुळे बाहेरून साधी पण आतून जबर इंजिनाची गाडी हवी. १९३२ साली फोर्डने स्वस्तातले व्ही-८ इंजिन बाजारात आणले आणि या धंद्याला पंख फुटले. दारूच्या वजनाने मागची बाजू खाली बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंग कडक केलेल्या असत. दिवे बंद करून वळणाचा रस्ता कापायचा, पाठलाग चुकवायचा, गाडी बिघडली तर अंधारातच दुरुस्त करायची, अशी ही शाळा होती. तिथले विद्यार्थी रविवारी शेतातल्या मातीच्या गोल ट्रॅकवर एकमेकांशी पैज लावू लागले.

या विस्कळीत खेळाला शिस्त लावली बिल फ्रान्स या आयोजकाने. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात बैठक झाली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ‘नॅस्कार’ ही संस्था नोंदवली गेली. तिची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. तिथे सर्वांत पुढे आलेल्या ग्लेन डनवेची गाडी तपासली, तेव्हा मागच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या पद्धतीने बदललेल्या आढळल्या. त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवण्यात आले. म्हणजे या मालिकेच्या पहिल्याच शर्यतीचा निकाल ट्रॅकवर एक आणि कागदावर दुसरा लागला होता.

डॅनव्हिलचा मुलगा

वेंडेल ऑलिव्हर स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी डॅनव्हिलमध्ये झाला. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, रिचमंड पडल्यावर गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारने आठवडाभर याच गावात मुक्काम केला होता. ‘दक्षिणेची शेवटची राजधानी’ हा गावाचा अभिमानाचा विषय होता. स्कॉटच्या बालपणी गाव दोन गोष्टींवर चाले, कापडगिरण्या आणि तंबाखूचे कारखाने. कृष्णवर्णीय माणसाच्या वाट्याला तिथली खालची कामे येत.

स्कॉटचे वडील सधन गोऱ्या कुटुंबांकडे गाड्या चालवत आणि दुरुस्त करत. मुलाने इंजिन त्यांच्याकडूनच शिकले. आपण गिरणीत मुकादमाच्या हाताखाली राबायचे नाही, हे त्याने लहानपणीच ठरवले होते. वेगाचा नाद तेव्हापासूनचा. गोऱ्या मुलांशी सायकलच्या शर्यती लावायच्या, स्केट घालून उतारावरून सुटायचे. शाळा अर्धवट सुटली, टॅक्सी चालवली. १९४३ साली मेरी कोल्सशी लग्न झाले. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात होता; सैन्य तेव्हा वर्णानुसार विभागलेले होते आणि त्याच्याकडे वाहने दुरुस्त करायचे काम होते. परत आल्यावर त्याने स्वतःचे गॅरेज काढले.

गॅरेजच्या मिळकतीत वाढते कुटुंब भागेना, तेव्हा त्यानेही हातभट्टीची दारू वाहायला सुरुवात केली. पोलिसांनी अनेकदा पाठलाग केला, पण तो सापडला एकदाच, १९४९ साली. तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले.

याच पाठलागांमुळे तो शर्यतीत आला. डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर ‘डिक्सी सर्किट’ नावाची एक प्रादेशिक संस्था शर्यती भरवत असे. गल्ला कमी जमू लागला तेव्हा १९५२ साली आयोजकांनी एक शक्कल काढली. गोऱ्यांविरुद्ध एखादा काळा चालक उतरवला तर गर्दी होईल. पण असा चालक आणायचा कुठून? त्यांनी पोलिसांना विचारले, गावातला सर्वांत वेगवान काळा गाडीवाला कोण? पोलिसांनी ज्याला रात्री-अपरात्री गाठायचा प्रयत्न केला होता त्याचेच नाव सांगितले. २३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिली शर्यत खेळला. त्याआधी तो याच मैदानावर कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या बाकांवर बसून शर्यती पाहत असे. काही जणांनी हुर्यो उडवली, गाडीनेही नीट साथ दिली नाही. पण आपल्याला आयुष्यात काय करायचे आहे ते त्याला त्या दिवशी कळले.

दुसऱ्याच दिवशी तो आपली गाडी ओढत विन्स्टन-सेलमला, नॅस्कारच्या शर्यतीला घेऊन गेला. अधिकाऱ्यांनी पाहिले आणि सांगितले, गाडी हवी तर एखाद्या गोऱ्या पोराला चालवायला दे, तुला उतरता येणार नाही. काही दिवसांनी हाय पॉइंट येथे पुन्हा तेच. शेवटी तो डिक्सी सर्किटकडे परतला आणि पहिल्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांच्या आतच लिंचबर्गला एक छोटी शर्यत जिंकला. पुढे आठवड्याला चार-पाच शर्यती हा त्याचा शिरस्ता झाला.

परवाना

नॅस्कारच्या नियमपुस्तकात कृष्णवर्णीयांना बंदी आहे असे कुठेही लिहिलेले नव्हते. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही जुनी संस्था विसाव्या-तिसाव्या दशकात गौरेतर चालकांना आपल्या शर्यतीत घेतच नसे. म्हणून १९२४ पासून इंडियानापोलिसमध्ये कृष्णवर्णीयांनी ‘गोल्ड अँड ग्लोरी’ ही स्वतःची स्पर्धा भरवली. चार्ली विगिन्स हा तिथला मोठा विजेता. इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्ज, उतरायला १९९१ साल उजाडावे लागले.

नॅस्कारमध्ये हे काम कोणत्याही नियमावाचून होत होते. त्यामुळे दार कुणी बंद केले ते कधी कळत नसे. पण न लिहिलेल्या नियमात एक फट असते, आणि स्कॉटला ती सापडली. त्याने आपली गाडी रिचमंडच्या ट्रॅकवर नेली आणि तिथल्या माइक पोस्टन या अर्धवेळ कारभाऱ्याकडे परवाना मागितला. पोस्टन संस्थेत मोठा माणूस नव्हता, पण परवाना देण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. तुला धक्के बसतील, सोसशील का, असे त्याने विचारले. सोसेन, म्हणाल्यावर त्याने अर्ज मंजूर केला. डेटोनाच्या मुख्यालयात ही बातमी काही आनंदाने घेतली गेली नाही, असे पोस्टनने नंतर स्कॉटला सांगितले. पण दिलेला परवाना काढून घ्यायला कारण लागते, आणि लेखी कारण कुणाकडेच नव्हते.

स्कॉटला अनेकदा ‘नॅस्कारचा पहिला कृष्णवर्णीय चालक’ म्हणतात. सर्वोच्च मालिकेपुरते बोलायचे तर ते काटेकोरपणे खरे नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या बे मेडोजला इलायस बोवी हा चालक उतरला होता आणि १९५६ साली डेटोनाच्या किनाऱ्यावर चार्ली स्कॉट. दोघेही एकेका शर्यतीपुरते. वेंडेल स्कॉटचे वेगळेपण हे की तो आला आणि राहिला.

राहिला, पण कशा परिस्थितीत? धावत्या गाडीला मुद्दाम धडक देणे, प्रेक्षकांतून शिव्या येणे, गाडीच्या तपासणीत त्याच्यापुरते नियम ताणणे, हे सगळे नित्याचे होते. शर्यतीला जाताना हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत बसू देत नसत. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे थारा मिळेल याची माहिती देणारी ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका १९३६ पासून निघत होती, यावरून त्या देशात त्यांच्यासाठी मोटारप्रवास म्हणजे काय होते याची कल्पना येईल. स्कॉट कुटुंब घरून डबे बांधून नेई आणि अनेकदा गाडीतच झोपे. वेंडेल ज्युनिअर आणि फ्रँक ही मुले मोठी होता होता त्याची ‘पिट क्रू’, म्हणजे शर्यत चालू असताना चाके बदलणारी, इंधन भरणारी टोळी, बनली. त्याआधी तर कित्येकदा स्कॉट पिटमध्ये गाडी थांबवी, स्वतः उतरून काम करी आणि पुन्हा आत बसून निघे.

बिल फ्रान्सशी त्याची पहिली भेट रॅली येथे झाली. आदल्या रात्री लिंचबर्गच्या आयोजकाने सगळ्या गोऱ्या चालकांना पेट्रोलचा खर्च दिला, स्कॉटला नाकारला. स्कॉट सरळ फ्रान्सकडे गेला. फ्रान्सने खिशातून पैसे काढून दिले आणि यापुढे तुला संस्थेचा सभासद म्हणूनच वागवले जाईल, असा शब्द दिला. हा प्रसंग फ्रान्सच्या मोठेपणाचा म्हणून सांगितला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच काळात डार्लिंग्टनसारख्या प्रतिष्ठेच्या ट्रॅकवर स्कॉटला वर्षानुवर्षे प्रवेश मिळत नव्हता, आणि १९७२ साली वर्णभेदाचा कट्टर पुरस्कर्ता म्हणून गाजलेल्या जॉर्ज वॉलेसच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराची फ्लोरिडातली धुरा याच फ्रान्सने वाहिली. स्कॉटला बाहेर काढायचे नाही, पण त्याच्यासाठी कुणाशी वाकडेपण घ्यायचे नाही, असा एकूण व्यवहार दिसतो.

जुन्या टायरांचे गणित

१९५९ साली स्कॉटने व्हर्जिनिया राज्याचे स्पोर्ट्समन अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर तो वरच्या वर्गात, ‘ग्रँड नॅशनल’ मालिकेत, शिरला. ४ मार्च १९६१ रोजी स्पार्टनबर्गला त्याची तिथली पहिली शर्यत झाली. त्याच सुमाराला खेळाचे अर्थकारण पार बदलत होते.

१९५९ मध्ये अडीच मैल लांबीचा डेटोनाचा प्रचंड डांबरी ट्रॅक सुरू झाला. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात विकली जाते, हे डेट्रॉइटच्या मोटारकंपन्यांना उमगले. फोर्ड आणि क्रायस्लर निवडक संघांना नवी इंजिने, सुटे भाग, अभियंते आणि रोख रक्कम पुरवू लागल्या. उरलेल्यांना ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र चालक, म्हणत. स्वतंत्र याचा खरा अर्थ निराधार असा होता. मोठ्या संघाने टाकलेले टायर, वापरलेले इंजिन, एक हंगाम जुनी गाडी, यावर त्यांचा संसार चाले. स्कॉटने जॅक्सनव्हिलला जिंकलेली शेवरोलेसुद्धा नेड जॅरेट या माजी विजेत्याकडून घेतलेली सेकंडहँड होती.

असा चालक गाडी कशी चालवतो? इंजिनाची पूर्ण ताकद कधी वापरत नाही. कारण इंजिन फुटले तर दुसरे नाही आणि पुढच्या आठवड्याची शर्यत बुडाली. तो मागून, जपून, पण शेवटपर्यंत धावतो. पुढचे पाच-सहा जण एकमेकांच्या नादात बाद झाले की आपसूक वर सरकतो. गुणतक्ता अशा चालकाला अनुकूल होता, कारण जितक्या जास्त शर्यती पूर्ण, तितके जास्त गुण. १९६४ च्या हंगामात तर एकंदर ६२ शर्यती होत्या. स्कॉट १९६६ साली वर्षाअखेरच्या क्रमवारीत सहावा आला आणि त्यानंतरची सलग तीन वर्षेही पहिल्या दहांत राहिला.

त्याच्या कारकिर्दीचे आकडे या प्रकाशात वाचायला हवेत. ४९५ शर्यती, १ विजय, पहिल्या पाचांत २० वेळा, पहिल्या दहांत १४७ वेळा. एकच विजय म्हणून नाक मुरडणाऱ्याने १४७ चा आकडा पाहावा. दर दहा शर्यतींपैकी सुमारे तीन वेळा हा माणूस भंगारातल्या टायरांवर पहिल्या दहांत आला होता.

इथे जॅकी रॉबिन्सनची आठवण होणे साहजिक आहे. १९४७ साली बेसबॉलमधली वर्णाची भिंत पाडणारा रॉबिन्सन स्कॉटचाच समकालीन. पण रॉबिन्सनच्या मागे ब्रुकलिन डॉजर्स हा श्रीमंत क्लब आणि ब्रँच रिकीसारखा व्यवस्थापक ठाम उभा होता. बॅट आणि ग्लोव्ह मिळाल्यावर बाकीचे कौशल्य रॉबिन्सनचे स्वतःचे. मोटारशर्यतीत बॅटची किंमत हजारो डॉलर असते आणि ती दर महिन्याला मोडते. या खेळात माणसाला अडवायचे तर दार बंद करावे लागत नाही. पैसा पोचू दिला नाही की पुरते.

हातभट्टीचाच आणखी एक पदवीधर तुलनेला घेऊ. ज्युनिअर जॉन्सन, नॉर्थ कॅरोलिनाचा गोरा चालक. त्याला १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडले आणि सुमारे अकरा महिने तुरुंगवास झाला. पुढे तो ५० शर्यती जिंकला. १९६५ साली टॉम वुल्फ या पत्रकाराने ‘एस्क्वायर’ मासिकात त्याच्यावर लांबलचक लेख लिहून त्याला शेवटचा अमेरिकन नायक ठरवले, आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. जॉन्सनची प्रतिभा वादातीत आहे. मुद्दा एवढाच की तीच दारू, तेच रस्ते आणि तोच पाठलाग एकाच्या बाबतीत रांगड्या पराक्रमाची दंतकथा झाला. दुसऱ्याचे तसे झाले नाही.

चूक की कारस्थान

आता पुन्हा जॅक्सनव्हिलकडे. त्या काळी फेऱ्यांची मोजणी हाताने होई. प्रत्येक गाडीसाठी एक गणक बसे आणि आपली गाडी समोरून गेली की घड्याळ पाहून कार्डावर वेळ लिही. हे काम पुष्कळदा चालकांच्या बायका किंवा नातेवाईक करत. धुळीच्या लोटात एखादी फेरी सुटणे अगदी शक्य होते. १९५९ सालच्या पहिल्या डेटोना ५०० शर्यतीत तर जॉनी बोशँपला विजेता घोषित केले आणि तीन दिवस फिल्म व छायाचित्रे पाहून झाल्यावर विजय ली पेटीला दिला. तेव्हा मोजणीतली चूक ही काही स्कॉटपुरती खास गोष्ट नव्हती. चुकीच्या बाजूने एवढे बोलता येते.

पण दोन प्रसंगांत फरक आहे. डेटोनाला तीन गाड्या जवळजवळ एका रेषेत होत्या. जॅक्सनव्हिलला अंतर दोन फेऱ्यांचे, म्हणजे पूर्ण एका मैलाचे, होते. स्कॉटचे स्वतःचे मत ठाम होते. विजेत्याला सुंदर तरुणीने चुंबन द्यायची तिथे प्रथा होती. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीचे चुंबन घेतलेले अधिकाऱ्यांना त्या गर्दीसमोर नको होते, असे तो सांगे. ते दिवसही आठवावेत. त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉटच्या डॅनव्हिलमध्ये नागरी हक्कांच्या निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या आणि पाण्याचे फवारे चालवले होते. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली मेल्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येला नऊच दिवस झाले होते. खुद्द जॅक्सनव्हिलमध्ये ऑगस्ट १९६० मध्ये गोऱ्या जमावाने कुऱ्हाडीच्या दांड्यांनी कृष्णवर्णीय निदर्शकांना झोडपले होते. अशा गावात निकाल जाहीर करणाऱ्याच्या मनात काय आले असेल याचा अंदाज करता येतो.

मोजणी चुकली असेलही. पण चूक दुरुस्त झाल्यावर ती प्रेक्षकांसमोर जाहीर करता आली असती, चषक परत मागवता आला असता, पुढच्या शर्यतीत विजेता म्हणून स्कॉटला मिरवता आले असते. यातले काही झाले नाही. हा भाग गणकाच्या कार्डावरचा नाही, त्यामुळे धुळीचे कारण त्याला लागू पडत नाही.

आणि इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. विजेत्याच्या जागी निघालेला फोटो हे या खेळातले भांडवल असते. तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापला जातो. टायरवाला, तेलवाला, मोटारकंपनीचा अधिकारी तो पाहतो आणि पाकीट उघडतो. स्कॉटची नऊ-दहा वर्षांची कारकीर्द त्यापुढे बाकी होती. त्या सगळ्या काळात त्याला एकही मोठा प्रायोजक किंवा कारखान्याचा पाठिंबा मिळाला नाही. तो फोटो निघता तर सगळे बदलले असते असे म्हणता येणार नाही. वर्ण तोच राहिला असता. पण मागायला जाताना दाखवण्याजोगी एक वस्तू त्याच्या हातात असती. हजार डॉलर मिळाले, ते टायरांत आणि इंजिनात संपले. पुढचे हजार मिळवून देऊ शकणारी गोष्ट बेकरच्या बाजूने छापली गेली.

शेवटचे हंगाम आणि नंतर

६ मे १९७३ रोजी अलाबामातल्या टॅलाडेगाच्या महाकाय ट्रॅकवर एका गाडीचे इंजिन फुटले, तेल सांडले आणि २१ गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यात स्कॉटची मर्क्युरी होती. वय ५१. बरगड्या, कंबरेचे हाड आणि पाय मोडले, गाडीचा चक्काचूर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शार्लटला तो आणखी एक शर्यत खेळला, १२ वा आला आणि थांबला.

१९७७ साली रिचर्ड प्रायर या विनोदी नटाला घेऊन त्याच्या आयुष्यावर ‘ग्रीज्ड लाइटनिंग’ हा चित्रपट निघाला. त्यातूनही स्कॉटच्या हाती फारसे काही लागले नाही. तो डॅनव्हिलच्या आपल्या गॅरेजात काम करत राहिला. २३ डिसेंबर १९९० रोजी पाठीच्या कण्याच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

मानसन्मान नंतर आले. २०१३ साली डॅनव्हिलमध्ये त्याच्या नावाचा स्मृतिफलक लागला. त्याच वर्षी बब्बा वॉलेस या तरुण कृष्णवर्णीय चालकाने मार्टिन्सव्हिलला नॅस्कारची ट्रक-शर्यत जिंकली. नॅस्कारच्या राष्ट्रीय पातळीवरच्या मालिकेत कृष्णवर्णीय चालकाचा स्कॉटनंतरचा हा पहिला विजय. मध्ये जवळजवळ ५० वर्षे गेली होती. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर वॉलेस मुद्दाम ३४ नंबर लावून उतरला आणि पुन्हा जिंकला. २०१५ साली स्कॉटला नॅस्कारच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, तिथे जाणारा तो पहिला कृष्णवर्णीय. जून २०२० मध्ये संस्थेने आपल्या ट्रॅकवर यादवीतल्या दक्षिणेचा झेंडा फडकवायला बंदी केली. हा झेंडा स्कॉटने आपल्या प्रत्येक हंगामात प्रेक्षकांत पाहिला असणार. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी वॉलेसने टॅलाडेगाला सर्वोच्च मालिकेतली शर्यत जिंकली.

त्याच्या महिनाभर आधी, २८ ऑगस्ट २०२१ रोजी, स्कॉटच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी, डेटोनाच्या ट्रॅकवर नॅस्कारने त्याच्या कुटुंबीयांना जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक दिला. तो नव्याने बनवून घ्यावा लागला. तो घ्यायला एके काळी बापाच्या गाडीची चाके बदलणारा फ्रँक हजर होता. फोटो निघाले, आणि ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले.